गुण्याचा चहा

खोली बांधताना आमचं दर रविवारी काहीतरी कमी पडलं. कधी रेती, कधी सिमेंट. किस्से तेवढे उरले. त्यांना ठेवायला जागा लागत नाही, पण पोटात राहतही नाहीत!

बेसा भागात आमचं एका खोलीचं घर. अंशू रांगायला लागला आणि निघाला की सरळ गॅसकडेच! माझा जीव दिवसभर टांगलेला. ह्यांना म्हटलं, "हा चालायच्या आत मागच्या अंगणात स्वयंपाकखोली झाली पाहिजे."

हे हिंगण्याला कंपनीत, सुट्टी फक्त रविवारची. मोबाइलवर व्हिडिओ पाहून म्हणाले, "सिमेंटच्या ब्लॉकचा पाया तं एका दिवसात होते!"

*

पहिला रविवार नुसता खोदण्यात गेला. आमची काळी माती. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं, नाहीतर भिंती तडकतात. व्हिडिओवाल्याच्या अंगणात काळी माती नव्हती!

हे कंबरेपर्यंत खड्ड्यात. सासूबाई काठावरून म्हणाल्या, "खोद गा बाप्पा! मुरूम नाही लागला तं विहीर तरी होईल!"

*

शेजारचे मेश्राम काका पूर्वी कंपनीची बस चालवायचे. गुडघे दुखतात, तरी न बोलावता आले. ह्यांनी ब्लॉक उचलला की काका हात हलवायचे, "येऊ दे... येऊ दे... डावीकडं... बस्स!"

हे वैतागले. "काका, ब्लॉकले रिव्हर्स नसते!"

"काहून? आजवर कुठी ठोकली का मी?" म्हणत काका मागे सरकले, ते धाडकन पाण्याच्या ड्रमवर!

*

कोपरा काटकोनात आहे का, ते बघायची लोखंडी पट्टी म्हणजे गुण्या. काटकोनापर्यंत मीही शाळेत गेलेली आहे. सासूबाईंना मात्र ठाऊक नव्हतं. त्यांना आतून नुसतं ऐकू यायचं, "गुण्या कुठी गेला? गुण्याशिवाय कोपरा होत नाही!"

त्या चहा घेऊन आल्या, तर एक कप जास्तीचा. "हा कोनाचा?" मी विचारलं.

"गुण्याचा वं! सकाळपासून नाव ऐकून राहिली. बिचारा उपाशीपोटी राबत असंन!"

खरं कळल्यावरही दर रविवारी गुण्याचा कप निघायचा. तो काका प्यायचे!

*

ब्लॉक बसले, तरी माझी धास्ती जाईना. येता-जाता प्रत्येक ब्लॉक पायाने ढकलून बघायची. काका म्हणाले, "पोरी, भूकंप नाही हलवणार त्याले, पण तू हलवशीन!"

हसले मी, पण डोळे भरून आले. हे आठवडाभर राबून सुट्टीलाही राबले. सासूबाईंनी सकाळ-संध्याकाळ ब्लॉकवर पाणी मारलं. काकांचा तर आमच्याशी नात्याचा धागाही नाही. कोणाकोणाचे उपकार मानू?

*

पाया जमिनीच्या वर आला, त्या रविवारची गोष्ट. भिंतींचा अजून पत्ता नव्हता. अंशूला मी पायाशेजारी चटईवर बसवलं होतं. सासूबाई चहा घेऊन आल्या, गुण्याच्या कपासकट.

बघते तर अंशू कोपऱ्यातला ब्लॉक धरून उभा! मी ब्लॉककडे पाहिलं. हलला नाही.

अंशूने एक हात सोडला. मग दुसराही. ह्यांच्या हातातली थापी तशीच राहिली. काकांचा हात सवयीने वर गेला, आवाज मात्र कुजबुजल्यासारखा, "येऊ दे... येऊ दे..."

डुलत डुलत तो माझ्याकडे निघाला. मी ओरडले, "आई, तो गरम चहा आधी बाजूले ठेवा!"

"ठेवते वं," सासूबाई म्हणाल्या, "पण पाह्य तं खरं, आज आला गुण्या!"