पैनगंगेचा उतार

महाराष्ट्र नवा होता तेव्हा बुलढाण्याच्या प्रदर्शनासाठी एक कारागीर मातीत जिल्हा घडवत होता. नकाशावरून गावांची उंची मी उतरवून द्यायचो. तो अंगठ्याने डोंगर चढवायचा, करंगळीने नदी ओढायचा.

उद्घाटनाच्या सकाळी त्याने तांब्याने पैनगंगेत पाणी सोडलं. ते मेहकरच्या अलीकडेच तुंबलं.

"बाबूजी, नदी चढ चढून राह्यली. आकडा पाहा बरं."

मेहकरची उंची मीच चुकून जास्त उतरवली होती. तेवढ्यात आमच्या कचेरीचे साहेब दारात आले. मी आकड्यांचा कागद पाठीमागे धरला.

"काय राहिलंय?"

"काही नाही साहेब, माती ओली हाये," म्हणत त्याने मेहकर हलकेच खाली दाबलं. पाणी पुढे गेलं.

अजूनही आकडे उतरवले की मी सोडलेल्या पाण्यासारखा त्यांतून वरून खालपर्यंत एकदा जातो.