मुक्या रहाटाची कुरकुर

"झोपली असंल ती. जेवून पाठ टेकली का डोळा लागतोच, कोन काय करनार?"

"हो, पन चाक थांबलेलं कळू नये म्हंजे कमालच..."

पडवीत बसलेल्या दोन शेजारणी बोलत होत्या. आप्पांना — माझ्या वडिलांना — जाऊन पाच दिवस झाले होते. मी आतल्या खोलीत होते, दार नुसतं लोटलेलं. आई माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती. तिनेही ते ऐकलं. तिने पदर कपाळावर थोडा पुढे ओढला, एवढंच. मी तेव्हा बाहेर जाऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. ते मला येत होतं. मी बोलले नाही.

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसते. भूत, छाया, पावलांचे आवाज... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, अजूनही बसलेला नाही. पण एक गोष्ट माझ्यासमोर, भर दुपारी, तीन माणसांच्या देखत घडली. ती लिहायची तर आधी बरंच काही सांगावं लागेल.

आमचं घर गासला. नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेला, टांग्याने थोडं आत. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं होत आली तरी गावात वीज नव्हती. घरामागे केळी आणि पानवेलींची वाडी, वाडीच्या टोकाला बावखल — म्हणजे गोड्या पाण्याचं तळं — आणि त्यावर आमचा रहाट. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल फिरायचा, मातीची गाडगी भरून वर यायची आणि पाटात रिकामी व्हायची. आप्पा खाली वाफ्यांत उभे राहून पाणी वळवायचे. बैल रेंगाळला की तिथूनच हाळी द्यायचे.

मी मात्र या वाडीत फारशी वाढले नाही. सातव्या वर्षी मला बांद्र्याला मामाकडे ठेवलं, नन्सच्या इंग्रजी शाळेत. सुट्टीत घरी आले की गावातल्या बायका "आली मड्डम" म्हणायच्या. मी पुस्तकी बोलायचे म्हणून हसायच्या, मग मी बोलायचंच कमी केलं. घरची बोली मला कळते, पण कागदावर धड उतरवता येत नाही. म्हणून घरच्यांचं बोलणं इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

आमच्याकडे रहाटाच्या लाटेला — आडव्या जाड लाकडाला — कधी तेल देत नाहीत. लाकडावर लाकूड घासून जी कुरकुर होते, ती घरापर्यंत ऐकू यायला हवी असते. प्रत्येक वाडीच्या चाकाचा आवाज वेगळा. बायका स्वयंपाक करता करता सांगतात, हे आमचं, ते पलीकडच्यांचं. चाक ओरडतंय तोवर सगळं ठीक. ते अवेळी थांबलं की घरातलं कोणीतरी हातातलं काम टाकून वाडीत बघायला जातं. हे गासमध्ये पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मला विसाव्या वर्षीही माहीत नव्हतं. मला वाटायचं, आप्पांचं दुर्लक्ष.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो मुंबईत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा आणि हार्मोनियम वाजवायचा, पण त्याचं वेड दोन्हीच्या मधलं होतं. एकदा दुकानात आलेल्या परदेशी मासिकात त्याला एक छोटी जाहिरात सापडली. युरोपातल्या एका रेडिओ केंद्राने विजेच्या यंत्रांवर आवाज घडवण्यासाठी एक प्रयोगशाळा उघडली होती. वादक, रचनाकार, तंत्रज्ञ, कुठल्याही देशाचा कोणीही अर्ज करू शकत होता. निवड झाली तर वर्षभर तिथे राहून काम करायचं. अर्जासोबत स्वतः केलेली पाच मिनिटांची टेप आणि एक पानभर कल्पना पाठवायची.

"यात पेटी, तबला असं काही नको म्हणतायत," दादा मला सांगत होता. "आपल्या आसपासचा कुठलाही आवाज चालेल. बेबी, असं कोणी कधी विचारलंय का आपल्याला?"

इंग्रजी माझं, म्हणून अर्ज मी लिहायचा. दादाची कल्पना मला तेव्हा जरा खुळीच वाटली होती. त्याला असं यंत्र बनवायचं होतं की खोलीत माणूस चालला, थांबला, उठला, तर आवाजाला ते कळावं आणि त्याने त्याप्रमाणे बदलावं. "आता आपण आवाज ऐकतो," तो म्हणाला. "आवाजाने आपल्याला ऐकायला नको?" हे वाक्य मी इंग्रजीत तीनदा लिहून तीनदा खोडलं.

टेपसाठी त्याला पाटात पडणाऱ्या पाण्याचा आवाज हवा होता. मालकाचा टेप रेकॉर्डर मागून आणला, मोटारीच्या बॅटरीवर तो चालावा म्हणून एक खोकं स्वतःच जोडलं. बुधवारी संध्याकाळी दोन टेक घेतले. दोन्ही फुकट. हेडफोनमध्ये नुसतं चाक केकाटत होतं, पाणी कुठे ऐकूच येत नव्हतं.

"या चाकाचं तोंड कोणी बंद करील तर बरं!" दादा वैतागून म्हणाला.

आप्पा हसले. "बायको आणि रहाट गप्प झाले की घाबरावं माणसानं. बोलतायत तोवर बोलू दे."

मी ते ऐकलं. विनोद म्हणून ऐकलं.

गुरुवारी आई पहाटेच तिच्या बहिणीकडे राजोडीला गेली होती. मी उठले, खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि लाटेच्या दोन्ही टोकांना भरपूर तेल ओतलं. कोणाला विचारलं नाही. मला दादासाठी काहीतरी करायचं होतं, आणि बोलून करण्यापेक्षा गुपचूप करणं मला नेहमीच सोपं वाटतं.

आप्पांनी बैल जुंपला. चाक फिरलं... आणि आवाजच नाही. फक्त पाणी. आप्पांनी लाटेला बोट लावून वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"कोणी केलं हे?" दादाने विचारलं.

"मीच," आप्पा म्हणाले. "तुझं काम होऊ दे. मग टाकतो राखेनं घासून."

दादाने टेप लावली, नवी कोरी. तो दरवेळी सुरुवातीला बोलायचा तसा बोलला, "गुरुवार सकाळ, गास, टेक तीन." पाच मिनिटं आम्ही श्वास धरून उभे होतो. मध्येच मला खोकला आला, दादाने डोळे वटारले. पण पाणी स्वच्छ आलं. तो खूष होऊन दहाच्या गाडीने मुंबईला गेला.

तो गेल्यावर आप्पा मला हळूच म्हणाले, "आज राहू दे, बैलालाही हलकं जातंय. संध्याकाळी घासतो. आईला बोलू नको हां, ओरडेल."

त्यांनी मला पाठीशी घातलं होतं. मला किती बरं वाटलं होतं!

आई दुपारी परत आली. जेवणं झाली. आप्पा तीनला पुन्हा वाडीत गेले. आई मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसली. मी खोली लावून घेऊन अर्ज लिहीत होते. साडेचारच्या सुमारास शेजारचे पांडूकाका धावत आले. "वयनी, आप्पा पडलेत वाफ्यात... बैल नुसताच उभा हाय."

डॉक्टर म्हणाले, पडून बराच वेळ झाला होता. लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं ते म्हणाले. 

मग सगळा गाव आईला एकच विचारू लागला. घर वाडीला लागून, चाक सुरू झालेलं आणि थांबलेलं कळलं कसं नाही? "मी जागी होते," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "तांदूळ निवडत होते." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "निवडत होते असं वाटतं." पाचव्या दिवसापासून ती काहीच म्हणेना. आपण झोपलो होतो, हे तिने मान्य करून टाकलं होतं.

दादाला काही कळण्यासारखं नव्हतं. आप्पांनी लगेच तेल काढलं असणार, असंच तो धरून होता. खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. आणि अजून एक लिहायचं राहिलं... तिसऱ्या दिवशी, सुतकात रहाट बांधलेला असताना, मी चुलीतली राख आणि चिंच नेऊन ती लाट घासून काढली. पुन्हा चाक फिरलं तेव्हा ते पूर्वीसारखं ओरडलं. गावाची खात्री पटली. आईचीही.

महिना उलटला. आई दुपारी निजेनाशी झाली. जेवण झालं की मागच्या दारात ताठ बसायची, वाडीकडे कान देऊन. पांडूकाका आमचं चाक चालवायचे, ते क्षणभर थांबलं तरी ती अनवाणी धावत सुटायची. एकदा काटा रुतून टाच पिकली, तरी धावली. दादाने अर्ज ट्रंकेत टाकून दिला होता, आणि टेपही, पुन्हा न ऐकता.

एका रविवारी आईच म्हणाली, "मुदत संपायला आली ना तुझी? एवढं कशासाठी केलंस ते मला ऐकव तरी. त्यांनीही ऐकलं असेल ना ते?"

दुपारचे दोन-अडीच झाले असतील. पांडूकाका जेवायला गेले होते, वाडीतला बैल सोडलेला, चाक बंद. दादाने माजघरात मशीन मांडलं. आई पाटावर बसली, मी दाराशी.

"गुरुवार सकाळ, गास, टेक तीन."

आणि चाक ओरडलं.

दादाचा हात बटणाकडे गेला आणि तसाच हवेत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळी आम्ही दोघं तिथे उभे होतो, पाण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता! आता पाणी मागे होतं आणि त्याच्यावर ती कुरकुर... लांब, चढत जाणारी, मग तुटून पुन्हा चढणारी. आमचंच चाक. मला वाटलं, त्याने चुकून बुधवारची टेप लावली. तेवढ्यात मला माझाच खोकला ऐकू आला. जिथे आला होता तिथेच.

आईला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी रहाट ओरडणारच. ती डोळे मिटून ऐकत होती आणि महिन्यात पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले होते.

मग ती कुरकुर थांबली. अर्ध्यात, चढता चढता. बैल थांबला की थांबते तशी. टेप फिरत होती, पाणी ठिबकत होतं.

आई ताडकन उठली आणि मागच्या दारापर्यंत धावत गेली. उंबऱ्यावर तिला भान आलं. दाराला हात लावून ती तशीच पाठमोरी उभी राहिली.

जे मला उलगडलेलं नाही ते एवढंच. दादाने नंतर सगळं तपासलं. टेप नवीन होती, तिच्यावर आधी काही भरलेलं नव्हतं. बुधवारची टेप वेगळी, ती आजही आमच्याकडे आहे. आम्ही दोघांनी टेक तीनची टेप पुढे कितीतरी वेळा ऐकली. कुरकुर आहेच. पण ती शेवटपर्यंत अखंड आहे, कुठेही थांबत नाही. ती थांबली फक्त त्या दुपारी, आई समोर बसली असताना. आईसमोर ती पुन्हा लावायची आमची छाती झाली नाही.

दादाने शेवटी तीच टेप पाठवली. त्याला पाण्याचं कौतुक व्हावंसं वाटत होतं. उत्तर आलं त्यात पाण्याबद्दल अक्षर नव्हतं, 'ते रडणारं लाकूड कुठलं' असं विचारलं होतं. तो आता तिकडेच आहे. पत्रात लिहितो, माणसाची चाहूल ओळखणारा आवाज अजून त्यांच्यातल्या कोणालाच जमलेला नाही. वाडीवर या वर्षी ऑइल इंजिन बसलं. त्याचा आवाज सगळ्यांच्या घरी सारखाच येतो.

पण मी हे लिहायला घेतलं ते टेपसाठी नव्हे. त्या दुपारचं थोडं राहिलं आहे.

आई उंबऱ्यावरून वळली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता, लहान मुलासारखा.

"थांबलेलं ऐकू आलं की मला," ती म्हणाली. "लगेच आलं. झोपेत असते तरी आलं असतं. मग त्या दिवशी कसं नाही आलं रे?"

दादा मशीनकडे बघत होता. टेपचं शेवटचं टोक सुटून चाकावर फटफट आपटत होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, इतका वेळ कोणीतरी माझ्या बोलण्याचीच वाट बघत थांबलं आहे.

"आई, तू जागी होतीस," मी म्हणाले. "त्या दिवशी चाकाला आवाजच नव्हता. तेल मी घातलं होतं."