आमच्या घराचं ‘व्हय म्हाराजा’

आमचा गाव कोकणात आहे, पण चालतो लालबागहून. शाळेतल्या माझ्या सहकारी बायकांना हे सांगितलं की त्यांना मी थट्टा करतेय असं वाटतं. थट्टा कसली डोंबलाची! लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या गावकीची खोली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाहून आलेले बाप्ये तिथे पथाऱ्या टाकायचे. गिरण्या गेल्या, टॉवर आले, खोली तशीच राहिली. आता तिथे महिन्यातून एका रविवारी मुंबई मंडळाची मिटिंग असते. पालखी कोणाच्या दारात आधी जाणार, देवळाला रंग कुठला, गावात कोणी कोणाशी बोलायचं नाही, सगळं तिथे ठरतं. गावात राहणाऱ्यांना ते फोनवर कळतं.

भिंतीवर ग्रामदेवतेचा मोठा फोटो आहे. मोठा निर्णय असला की फोटोसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक घराचा कर्ता पुरुष ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. एकदा म्हटलं की त्या घराचा शब्द देवाजवळ पडला. मग मागे फिरायचं नाही. बायका त्या वेळी गॅलरीत असतात, चहाचे कप विसळत. मी लहानपणापासून ते कप विसळलेत, म्हणून मला सगळं नीट ऐकू आलेलं आहे.

आमच्या घराचे कर्ते म्हणजे माझे बाबा. गिरणीतून बाहेर पडल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी केली, आता घरी असतात. स्वभावाने गरीब माणूस, पण मिटिंगला जाताना इस्त्रीचा शर्ट घालतात. गावच्या घरात राहते ती माझी काकी, बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला. घर, चार कलमं, एक म्हैस आणि देवाचा दिवा, सगळं ती एकटी बघायची. मे महिन्यात आम्ही जायचो आणि तिने राखलेले आंबे खाऊन यायचो. वर बाबा तिला सांगायचे, अमुक झाड का तोडलंस म्हणून.

आमची वाडी व्हाळाच्या पलीकडे आहे. व्हाळ म्हणजे ओढा, उन्हाळ्यात घोटाभर पाणी, आषाढ-श्रावणात अंगावर येणारा. शाळा, रेशन, डॉक्टर, ग्रामपंचायत, सगळं अलीकडे. मधे एक साकव होता, सिमेंटचा, माणसं जाण्यापुरता. एका पावसात तो वाहून गेला. वाडीतल्या लोकांनी माडाची दोन खोडं टाकली आणि त्यावरून जा-ये सुरू केली. एक बाळंतीण खुर्चीत बसवून त्या खोडांवरून नेली तेव्हा काकी खुर्चीचा मागचा पाय धरून चालत होती. तेव्हापासून तिने एकच घोशा लावला, साकव झालाच पाहिजे.

अशात एकदा तिचा फोन आला. बचत गटाच्या बायकांना तालुक्याला शिबिराला नेलं होतं. आवाज असा फुललेला, की मला वाटलं मुलाचं लग्न ठरलं.

“गो बाय, तुका ठावक आसा? अर्धी पंचायत बायकांची आसा. कायद्यान. आणि यंदा सरपंचाची खुर्चीसुद्धा बाईलाच राखीव. आमका कोणी सांगूकच नाय!”

मी म्हटलं, “काकी, हे मला माहीत आहे.”

“तुका म्हायती आसा. आमका नव्हता ना. थंय बसलेल्या पन्नास बायकांत एकीक नव्हता. एक म्हणाली, राखीव म्हणजे घोवाक विचारून बसाचा, असा आमका वाटलां.”

मग ती हसली, आणि हसता हसता म्हणाली, “मी उभी ऱ्हवतंय. साकव करून घेतंय नि मगे खुर्ची सोडतंय. माका बाकी काय नको.”

तिचं उभं राहणं मला इतकं आवडलं की मी त्या दिवशी वर्गात उगाच सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या.

पुढच्या रविवारी मंडळाची मिटिंग झाली. बाबा आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, “सरपंच बिनविरोध ठरला. अध्यक्षांची बायको.”

अध्यक्षांची बायको राहते लालबागला! आमच्या दोन चाळी सोडून! गावच्या मतदारयादीत नाव आहे, कारण आमच्याकडे कोणी गावचं नाव कापून घेत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “आणि काकी? तिला उभं राहायचंय, तुम्हाला सांगितलं होतं मी.”

“नारळ ठेवलो,” बाबा म्हणाले. “मी व्हय म्हटलंय.”

“कोणाच्या वतीने?”

“घराच्या.”

“तिचं घर ती चालवते, बाबा.”

“घरातलो मोठो मी आसंय,” ते म्हणाले, आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं नाही. आईने दिलं.

काकीला मीच फोनवर कळवलं. दोन दिवसांनी ती सकाळच्या गाडीने दादरला उतरली आणि पिशवीत कोकमं आणि तांदूळ घेऊन लालबागला आमच्या दारात हजर झाली. भांडायला येतानाही रिकाम्या हाताने आली नाही, अशी ती. अंघोळ केली, चहा घेतला, आणि बाबांना म्हणाली, “भावजी, माका त्या खोलीत न्हेवा.” बाबा आढेवेढे घेत होते. मग मीच तिला घेऊन गेले. ते तिच्यामागे आले.

काकी आल्याचं कळून पाच-सहा जण जमले होते, अध्यक्ष मधे. काकी उंबऱ्यापाशी चपला काढून सरळ आत गेली आणि देवाच्या फोटोला हात जोडून उभी राहिली. मग पदर खोचून वळली.

“माझ्या घराचा व्हय कोणी म्हटल्यान?”

बाबांनी खाली बघितलं.

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, “वयनी, गावात इलेक्शन झाली की भावाभावात वैर होता. आमी बिनविरोध करतो ता गावाच्या भल्यासाठी. आणि तुमका काय जमतला? कागद, साहेब, तालुक्याचे फेरे.”

“तुमच्या बायलेक जमतला?”

“मी आसंय ना.”

“तां माका म्हायती आसा,” काकी म्हणाली. “म्हणानच इचारतंय.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण ती पुन्हा देवाच्या फोटोकडे वळली होती. फोटोसमोर तो नारळ अजून होता, हळदकुंकू लावलेला. मी तिच्या कानात म्हटलं, “काकी, कायद्याने तुला कोणी अडवू शकत नाही. जा आणि फॉर्म भर.” तिने नारळाकडे बघितलं. कायदा तिला कळून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. त्या देवाचा दिवा ती लग्न झाल्यापासून लावत होती. मी सुशिक्षित, मी फटकन म्हणाले फॉर्म भर. वाळीत पडून त्या वाडीत मला राहायचं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, “सरपंच कोणय होवने. माका साकव होयो. ह्या पावसाआधी. म्हणा आता व्हय म्हाराजा.”

आणि ते सगळे, अध्यक्षांसकट, एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की मला तेव्हाच भीती वाटली.

बिनविरोध निवड झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष हात जोडून आणि कोपऱ्यात तिकिटाएवढ्या फोटोत सरपंचबाई. गावात पहिलं काम झालं ते कमानीचं. एस.टी. थांबते तिथे मोठी कमान, वर देवाचं नाव, खाली मुंबई मंडळाचं. साकवासाठी ग्रामसभेचा ठराव हवा, सरपंचाने तालुक्याला जाऊन साहेबाला भेटायला हवं. ती तारीख पुढे पुढे जात राहिली. काकी मला फोन करायची, मी बाबांना सांगायची, बाबा अध्यक्षांना सांगायचे, अध्यक्ष म्हणायचे बघतो. बोलाचाच भात नि बोलाचीच कढी.

मे महिन्यात मीच सरपंचबाईंना गाठलं. त्या लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, मिरच्या कुटायच्या यंत्रापाशी, डंखापाशी बसल्या होत्या. वर्षाचा मसाला कुटून घ्यायचे दिवस. नाकाला पदर बांधलेला, हात कोपरापर्यंत लाल. त्या तिथे लोकांच्या मिरच्या निवडून, भाजून द्यायच्या, त्यावरच घराचं बरंच चालायचं हे मला तेव्हा समजलं. अध्यक्ष म्हणजे नुसतेच अध्यक्ष.

मी रागानेच गेले होते. म्हटलं, “वहिनी, साकवाचं काय?”

त्यांनी डोळे पुसले, तिखटाने आणखी लाल झाले. “माका कोण काय इचारता गो? हे म्हणतत सही कर, मी करतंय. ती खुर्ची कशी आसा, लाकडाची का लोखंडाची, ता पण माका ठावक नाय.”

“तुम्ही गावी जा. तुम्ही सरपंच आहात. तुम्ही सभा बोलवू शकता, साहेबाला भेटू शकता, साकव आधी धरा म्हणून ठराव मांडू शकता. अध्यक्ष नाही, तुम्ही.”

त्यांनी हातातल्या मिरचीचा देठ मोडला. मग म्हणाल्या, “गणपतीक जातंलोच ना. तेव्हा एकदाच करू.”

“वहिनी, गणपतीआधी पाऊस येतो.”

“हेंका सांगतंय,” त्या म्हणाल्या आणि मिरच्यांकडे वळल्या. मला त्यांची कीव आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

पाऊस आला. झेंड्याच्या दिवशी, पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती. काकीने आदल्या संध्याकाळी फोन केला. “उद्या सभेत उभी ऱ्हवान इचारतंय. सगळ्या बायकांका सांगलंय, येवा म्हणान.” मी विचारलं, सरपंच येणार आहे का? ती म्हणाली, “ती नाय येवची. उपसरपंच आसा. पण लिहून तर घेतले ना, की आमी इचारलां.”

सकाळी बायका पुढे गेल्या होत्या. काकी म्हशीचं आटोपून मागून निघाली. चपला हातात होत्या, हे पलीकडून बघणाऱ्या शेजारणीने सांगितलं. माडाची खोडं शेवाळलेली, पाणी खोडांना लागलेलं. ती अर्ध्यावर आली आणि गेली. ओरडलीसुद्धा नाही म्हणतात. बऱ्याच खाली, बांबूच्या बेटात अडकलेली सापडली. सभा माणसं कमी म्हणून तहकूब झाली होती.

बाबांना मी फोनवरचं बोलणं ऐकता ऐकताच सांगितलं. ते पलंगावर बसले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, “मी व्हय म्हटलंय.” तेवढंच. गावाला जाताना गाडीतही तेवढंच. मला त्यांचा राग येत होता, आणि म्हातारा माणूस रडताना बघवत नव्हता.

सुतकामुळे त्या वर्षी आमच्या घरी गणपती आला नाही. बाराव्याच्या दिवशी गाव गणपतीच्या तयारीत होता, मुंबईच्या गाड्या येऊन लागत होत्या. अध्यक्ष आणि सरपंचबाई भेटायला आले. वाडी व्हाळापलीकडे, त्यामुळे गाडी लांबच्या वळणाने, डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने फिरवून आणली. वाडीतल्या बायका पडवीत बसल्या होत्या. अध्यक्ष बोलायला लागले, फार वायट झालां, देवाची करणी, मंडळातर्फे शोकसभा घेऊ.

शेजारची म्हातारी, जिने काकीला पडताना बघितलं होतं, मधेच म्हणाली, “आमचो सरपंच कोण?”

अध्यक्ष म्हणाले, “तां आता—”

“तुमका नाय इचारलंय.”

सरपंचबाईंनी पदर सारखा केला. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. “मी,” त्या म्हणाल्या. मला वाटतं हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं असेल.

“मगे ऊठ,” म्हातारी म्हणाली. “ग्रामपंचायतीत चल. आमका साकव इचारूचो आसा. तुझो आफिस व्हाळाच्या पलीकडे आसा.”

अध्यक्ष “पावसात खंय जाताय” म्हणत राहिले. कोणी वळून बघितलं नाही. बायका उठल्या, सरपंचबाई त्यांच्या मधे, मी मागे. व्हाळाचं पाणी त्या दिवशी जरा उतरलेलं होतं. माडाची ती दोन खोडं तशीच होती, नुसता एक दोर नवीन बांधला होता. म्हातारीने हात केला, जा पुढे.

सरपंचबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. एक पाय खोडावर ठेवला. खोड हललं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, दोर घट्ट धरला, पुन्हा बघितलं आणि पाय मागे घेतला. त्यांचे हात तेव्हाही बोटांच्या पेरांपर्यंत मिरचीने लालसर होते.

“माका नाय जमाचा,” त्या म्हणाल्या. रडायला लागल्या.

म्हातारी त्यांच्या शेजारी उभी होती. तिने त्यांच्या हातातल्या चपला काढून घेतल्या आणि खाली, त्यांच्या पायांपाशी ठेवल्या.

“तिकापण नाय जमलां,” ती म्हणाली.