उस्ताद आणि पाचवा फाऊल

उस्तादांनी मला वाचवलं. काय झालं ते मागाहून सांगतो, हे वाक्य मात्र आधी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. बीडमध्ये ते नाव आता लोक तोंड वाकडं करून घेतात, आणि त्याला कारण मी आहे.

कुणीही समोर आलं की उस्ताद आधी त्याचा हात हातात घ्यायचे. सलाम नाही, नमस्कार नाही. एकेक बोट दाबून बघायचे, मनगट फिरवायचे, आणि मग कुठे चेहऱ्याकडे बघायचे. माझी करंगळी त्यांच्या चिमटीत अडकली तेव्हा म्हणाले, "ही कदी मोडलती रं?"

मी घाबरून सांगितलं, चौदाव्या वर्षी, बर्फाच्या लादीखाली.

"कुणी बसवली, सुतारानं?"

मी कोकणातला. नववीत शाळा सोडून बंदरावर बर्फ फोडायला लागलो. उंची साडेसहा फूट, म्हणून कुणीतरी मला धरून बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं केलं. तेवढीच माझी विद्या. मोठ्या शहरांपुरती असलेली बास्केटबॉलची लीग एका वर्षी लहान शहरांत न्यायची ठरली. त्यात बीडचं नाव निघालं, कारण तिथल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांनी संघ विकत घेतला. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. नव्या संघांना नामी खेळाडू मिळेनात, म्हणून माझ्यासारख्याला बोलावणं आलं.

घरापासून इतका लांब मी कधी गेलो नव्हतो. पहिला आठवडाभर भाकरी घशाखाली उतरेना आणि भात मागायची लाज वाटे. हे उस्तादांनी कसं ओळखलं कोण जाणे. त्यांच्या घरून रोज भात आणि आंबट डाळीचा डबा यायला लागला. आभार मानायला गेलो तर म्हणाले, "खा बे कोकण्या. यवढ्या लांब हाडाला नुसती हवा घालतू का?"

उस्तादांनी चाळीस वर्षं तालमीत पैलवानांची मालिश केली होती, निखळलेली हाडं बसवली होती. तेच काम मालकांनी संघात दिलं. लीगने दिलेल्या ट्रॅकसूटचा फक्त वरचा भाग ते घालायचे, खाली त्यांचा पांढरा पायजमाच. हाड बसवताना त्यांचा एकच हुकूम असे, "वरड. वरडला की माणूस ढिला पडतोय." मग खोलीत मोठमोठे बाप्ये बकऱ्यासारखे ओरडायचे आणि उस्ताद शांतपणे कट्ट करून बोट जागेवर आणायचे.

आमचं मैदान म्हणजे जिनिंगचं जुनं गोदाम. ट्रकमधून लाकडी फरशी आली, जोडली गेली. पहिल्या दिवशी गावातले लोक चपला बाहेर काढून आत आले, फरशीला हात लावून कपाळाला लावला. एक म्हातारे पैलवान ताकाची बरणी घेऊन आले होते. आखाड्याच्या मातीत ताक आणि हळद घालतात, तसं इथे कुठे ओतायचं, असं ते विचारत होते. आम्ही हसलो. आता वाटतं, त्या म्हाताऱ्याने आम्हाला पुढचं सगळं तेव्हाच सांगितलं होतं. बीडने आम्हाला आखाडा समजून घेतलं होतं.

पहिल्या सामन्यात बॉल रिंगमधून गेला की गोदामात शांतता. लोक एकमेकांकडे बघायचे, की हे झालं तरी काय. मग चुकून माझं कोपर पाहुण्या संघातल्या एकाच्या बरगडीत बसलं आणि तो पाठीवर आडवा झाला. गोदामाचे पत्रे हादरले. पंचाने माझ्यावर फाऊल दिला, तर लोकांनी तो माझ्या खात्यावर जमा धरला. एक जण खाली उतरला आणि खेळ चालू असताना त्याने माझ्या डोक्याला भगवा फेटा बांधला. पंच शिट्टी तोंडात धरून नुसता उभा. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता. मीही हसलो, फेट्यासकट.

मालक हसले नाहीत. पुढच्या सामन्याला गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती, हे त्यांनी पाहिलं. मला बोलावून म्हणाले, "एका खेळाडूला पाच फाऊल असतेत ना? पाचव्याला बाहेर. म्हंजी तुह्याकडं पाच हायेत. एकबी शिल्लक ठेवायचा न्हाई."

बर्फ फोडायला परत जायची मला भीती होती. मी एकही शिल्लक ठेवला नाही. एकाचं नाक फुटलं, एकाचे पुढचे दोन दात फरशीवर पडले, एकाचा खांदा निखळून हात लोंबायला लागला. बाहेरून आलेले पंच गर्दीकडे बघत आखडती शिट्टी वाजवत. रक्त पुसायला फरशीच्या कडेला पोत्यांचा ढीग असायचा. एकदा माझ्या कोपरात कुणाचा तरी दात रुतला होता, तो उस्तादांनी चिमट्याने काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

पाहुण्यांची हाडंही उस्तादच बसवायचे. एका सामन्यात मी ज्याचा अंगठा उलटा केला होता, तो त्यांच्यापुढे बसून ओरडत होता आणि मी दाराशी पायाला पट्टी बांधून घ्यायला थांबलो होतो. तो गेल्यावर ते माझ्या पायाशी बसले. पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मीबी एकाचा खांदा काढलता. जाणून. धारूरकडच्या जत्रंत, कुस्तीत. लोकांनी मला डोक्यावर घिऊन गाव फिरवलं. त्यो आजून डाव्या हातानं जेवतू."

मी विचारलं, मग हाडं बसवायला केव्हा शिकलात?

"त्याच्या नंतर."

उस्तादांबद्दल बीडमध्ये आणखी एक गोष्ट प्रत्येक जण सांगायचा. उस्ताद कधी नुरा लढले नाहीत. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. तिकडे माणूस दारू पितो, मारामाऱ्या करतो, ते चालतं. पण नुरा लढलेल्या पैलवानाच्या पोराला कुणी मुलगी देत नाही. उस्तादांचा फोटो तालमीच्या दारावर लावलेला होता आणि नवीन पोरं आधी त्याला हात जोडायची, मग आत जायची.

हंगामाचा शेवटचा सामना आला. तो जिंकला तर बीड पुढच्या वर्षी लीगमध्ये राहणार, हरलो तर संपलं. पाहुण्या संघात एक डावखुरा होता, बारीक अंगाचा, विशीतला. सगळा खेळ त्याच्यावर. दुपारी मालक मालिशच्या खोलीत आले. उस्ताद माझ्या घोट्याला पट्टी बांधत होते. मालकांनी त्यांच्यासमोरच सांगितलं, की शेवटपर्यंत डावखुरा पायावर उभा राहायला नको. उभा राहिला तर माझी बॅग एसटीत.

मी हो म्हणालो. मालक गेले. उस्तादांनी पट्टीची गाठ मारली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "झाली. जा."

एवढंच. दुसरा एकही शब्द नाही. हे नीट लक्षात ठेवा.

पहिला फाऊल छातीवर. तो पडला, उठला. दुसऱ्या फाऊलला मी त्याला मागून खांद्याने ढकललं, तो रिंगच्या खांबावर जाऊन आपटला. तिसऱ्याला मनगट तोंडावर, त्याचा ओठ फाटून हनुवटीवर लोंबला. पट्टी लावून तो परत आला. चौथ्याला गुडघा त्याच्या मांडीत घातला. आता तो लंगडत होता आणि तरी बॉल टाकत होता. लोक माझ्या नावाने ओरडत होते. एकाच्या हातात फेटा तयार होता.

शेवटचे दोन-तीन सेकंद उरले होते. आम्ही एका गुणाने पुढे. डावखुऱ्याने डाव्या बाजूने धाव घेतली आणि उडाला. अशा वेळी हवेतल्या माणसाच्या पायांखाली एक पाऊल टाकलं की पुरे. तो उलटून डोक्यावर पडतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. मी ते पाऊल टाकलं. माझ्या खांद्याला त्याचे पाय लागले, तो वर उलटा झाला, त्याचं डोकं खाली येताना मला दिसलं, डोळे मिटलेले. आणि मी हात पुढे केले.

तो माझ्या हातांत पडला. लहान पोराला घेतात तसा मी त्याला घेऊन उभा होतो. त्याचं काळीज माझ्या छातीवर धाडधाड आपटत होतं. "सोड ना दादा," तो म्हणाला. हवेत असतानाच त्याने टाकलेला बॉल रिंगमधून गेला होता. आम्ही हरलो होतो.

मग वरच्या पायऱ्यांवरून एकच आवाज आला, "नुरा हाय."

आखाड्यात एका पैलवानाने दुसऱ्याला असं अलगद धरलं तर त्याचा तोच अर्थ होतो. सगळं गोदाम खाली उतरलं, चपलांसकट. पहिला फटका कानावर बसला आणि पुढचं मला आवाजाशिवाय दिसत राहिलं. लोखंडी खुर्च्या. कुणीतरी माझ्या गुडघ्यावर उभा राहिला. डावखुऱ्याला त्याच्या लोकांनी ओढत नेलं, मला ओढायला कुणी नव्हतं. तोंडात रक्त आलं, ते गिळलं. मी इथेच मरणार आणि घरी कळायला चार दिवस लागतील, असं काहीतरी मनात आलं.

तेवढ्यात कॉलर धरून कुणीतरी मला खेचलं, मालिशच्या खोलीत लोटलं आणि पत्र्याचं दार लावून बाहेर उभं राहिलं. दाराच्या फटीतून ट्रॅकसूटची पाठ दिसली.

एक कान एव्हाना पुन्हा चालू झाला होता. त्यांच्याच तालमीतला, रोज त्यांच्या पाया पडणारा एक शागीर्द पुढे होता. तो म्हणत होता, "हटा उस्ताद. त्यानं पैसे खाल्लेत. त्याला जित्ता सोडायचा न्हाई."

"त्याला काय इचारतू? मी सांगितलं त्याला. ह्यो नुरा माहा हाय."

"तुमी?"

"हां, मी. आता माह्याशी बोल."

पहिला घाव त्या शागिर्दानेच घातला. खुर्चीचा निघालेला पाय त्याच्या हातात होता आणि उस्तादांनी उजवा हात वर केला होता. मनगट मोडल्याचा आवाज मला पत्र्याच्या आत ऐकू आला. मग आणखी घाव, खांद्यावर, पाठीवर. अख्ख्या जिल्ह्याला ओरडायला लावणारा माणूस, पण तोंडातून आवाज काढला नाही. पोलिसांची जीप येईपर्यंत ती पाठ दाराला टेकलेली होती.

दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या. मी म्हणालो, मी बाहेर जाऊन खरं सांगतो. तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं.

"आज सांगशील तर आजच मरशील. गप पड."

"कावून केलं उस्ताद?" त्यांच्याच भाषेत कारण विचारलं मी, रडत.

ते छताकडे बघत होते. "तू त्याला झेललंस का न्हाई? मग झालं."

दोन दिवसांनी मालकांच्या माणसाने मला एसटीत बसवलं. तालमीच्या दारावरचा फोटो त्याच आठवड्यात उतरवला गेला. उस्ताद लेकीकडे तलवाड्याला राहायला गेले. मोडलेल्या मनगटात स्टीलची पट्टी घातलीय, पण मूठ वळत नाही. लेक सांगते, कुणी पाय मुरगळून आलं तर ते शेजारी बसून सांगतात आणि हाड ती बसवते. बीडहून कुणी येत नाही. लीगने पुढच्या हंगामाला आणखी नवी शहरं घेतली. त्यातल्या एका लांबच्या शहरात मी बाकावर बसतो, कधीमधी खेळतो. फोनवर उस्ताद बीडचा विषय काढू देत नाहीत.

मी भित्रा आहे, हे तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. एक कान अजून नीट चालत नाही आणि मागे कुणी मोठ्याने बोललं की मान आपोआप आत जाते. पण एक दिवस मी बीडच्या स्टँडवर उतरेन. सगळे पैलवान तालमीत असतात त्या वेळी जाईन, त्या शागिर्दासमोर उभा राहीन आणि सांगेन, की मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. ते हात माझे होते. उस्ताद नुरा लढले नाहीत, त्या दिवशीही नाही. नंतर त्यांना माझं जे करायचं ते करू देत.

उस्ताद, तुमचं नाव मी तुम्हाला परत आणून देईन.