घाटासाठी केलेले तीन फोन

आता हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या मंडळी, कारण शेवटी तुम्ही हसाल तेव्हा मला राग येईल. माझी फजिती झाली आहे. तीही कोणी केलेली नाही. तीन फोन करून, पूर्ण शुद्धीत, मी ती स्वतःच बोलावून आणली.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी भांडखोर नाही. तीस वर्षं नाशकात बातमीदारी केली, जिल्ह्याची पानं सांभाळली, आणि त्या काळात जे माझ्याशी भांडले त्यांनी हा शब्द पसरवला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निवृत्तीनंतर लोक देवाधर्माला लागतात, मी मोटारसायकल घेतली. साडेतीनशे सीसीची, काळीभोर. किक मारावी लागत नाही, बटण आहे. गुडघ्यांचा सल्ला घेऊनच निवडली.

माझे सोबती दोन. एक बाळू. अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप आहे आणि तो माणसाशी बोलताना त्याच्या गाडीकडे बघतो. दुसरी रोहिणी. कॉलेजात आमच्या वर्गात होती, नंतर त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि आम्हा तिघांत गाडी तिलाच नीट चालवता येते. हे तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

ठरलं असं, की पावसाळा सरला की सुरगाण्याकडच्या डोंगरांत एक दिवस गाड्या घेऊन जायचं. गाईड घेऊन. गाईडची कल्पना रोहिणीची.

"माझ्याच जिल्ह्यात मला गाईड?" मी म्हणालो. "तीस वर्षं मी हा भाग फिरलोय."

"जीपमधून फिरलास, मंत्र्यांच्या मागे," ती म्हणाली. "पुढच्या गाडीची धूळ सोडून काय बघितलंस?"

बाळूने चहा खाली ठेवून तिला नमस्कार केला. मी विषय बदलला.

गाईड मिळाला तुळशीराम. तिशीतला तरुण, घाटमाथ्यावरच्या पाड्यातला. घाटाला नाव आहे, पण ते मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. दर वर्षी दिवाळी झाली की तुळशीराम बायकोपोरांना घेऊन पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला उतरायचा. यंदा त्याने ठरवलं होतं, की आपण खाली जाण्याऐवजी गाडीवाल्यांना वर आणू. डोंगर दाखवू, धबधबा दाखवू, घरी जेवू घालू. आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक आम्ही.

"साहेब, ही ट्रिप नीट झाली ना, तर अजून लोक येतील," तो फोनवर म्हणाला. "मग यंदा द्राक्षांवर जायचं नाय. आईला तसं सांगून टाकलंय मी."

आता असं कोणी म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस शांत बसेल का? मी पेटलो. म्हटलं, ही ट्रिप निर्दोष व्हायला हवी. एक कागद घेतला, वर 'नियोजन' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. इतका उत्साह मला पहिल्या पानावर पहिली बातमी छापून आली तेव्हाही नव्हता.

तुळशीरामने मार्ग आवाजी मेसेजवर पाठवला. सहाला नाशिक सोडायचं, पेठ रस्त्याने निघायचं, करंजाळीला चहा, पुढे फाट्यावरून आत, मग घाट. "घाटात रस्ता जरा खराब हाय. वर आलं का धबधबा, मग घरी जेवण. नागलीची भाकर, उडदाचं वरण."

सगळं छान. पण तो 'जरा' माझ्या डोक्यात अडकला. जरा म्हणजे किती? तीस वर्षं मी शिकाऊ पोरांच्या बातम्यांतून 'जरा', 'काही', 'बऱ्यापैकी' असले शब्द लाल पेनाने खोडले. आकडा द्या, नाहीतर बातमी परत घ्या. आणि कोणतीही गोष्ट एकाच्या तोंडून ऐकली म्हणजे खरी मानायची नाही, दुसऱ्याकडून खात्री करायची. हा आमचा धंद्यातला नेम. तर मी खात्री करायला बसलो.

पहिला फोन घाटाखालच्या गावच्या सरपंचांना. नंबर जुन्या डायरीत होता.

"नमस्कार, जाधव बोलतोय, नाशिकहून, पेपरमधून." निवृत्त झालो तरी जिभेला कोणी कळवलंय? ते आपोआप निघालं. "तुमच्या घाटरस्त्याची अवस्था काय? खड्डे साधारण किती खोल? शेवटचं काम कधी झालं, कोणी केलं?"

पलीकडून, "का हो साहेब?"

"रविवारी मी स्वतः येतोय. आम्ही तिघं आहोत. कॅमेरा आहे बरोबर."

कॅमेरा रोहिणीचा, पक्ष्यांसाठी. हे सांगायची मला गरज वाटली नाही.

"लय वाईट हाय साहेब रस्ता," सरपंच एकदम जोरात म्हणाले. "या तुम्ही. या आणि डोळ्यांनी बघा."

एक बाजू मिळाली. दुसरा फोन रस्त्याचं काम बघणाऱ्या इंजिनिअरला. तेच प्रश्न, त्याच क्रमाने. ते म्हणाले, "रस्ता सुस्थितीत आहे." आणि मग हळूच, "आपण नक्की रविवारीच येणार ना?"

एक म्हणतो लय वाईट, दुसरा म्हणतो सुस्थितीत. आता तुम्हीच सांगा, कोणत्या गिअरमध्ये चढायचं? म्हणून तिसरा फोन. ठेकेदाराला.

"साहेब, भेटून बोलू ना आपण," तो म्हणाला.

"मला भेटायचं नाही. मला एवढंच सांगा, रविवारी सकाळी मोटारसायकल वर जाईल की नाही?"

"जाईल साहेब. रविवारपर्यंत लोण्यासारखा होईल रस्ता. माझा शब्द."

काय माणूस आहे, म्हटलं. किती आपुलकीने बोलला. उगाच या लोकांवर आपण इतकी वर्षं लिहिलं. मी कागदावर लिहिलं: घाट – लोणी. आणि दोनदा अधोरेखित केलं.

गुरुवारी तुळशीरामचा फोन. "साहेब, घाटात खडीचे ट्रक येऊन राहिले."

"उत्तम."

"शुक्रवारपासून रोलर पण येणार हाय म्हणतात. साहेब, मला काय बरं वाटेना."

"अरे, चांगलं होतंय तर बरं का वाटेना?" मी म्हणालो. "तू जेवणाचं बघ."

बाळूला सांगितलं तेव्हा तो गाडीखालून बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा गाडीखाली गेला. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल.

रविवार उजाडला. काय सकाळ होती. पंचवटी मागे पडली, शहर मागे पडलं, अंगावर थंड वारा, पुढे रोहिणी, मागून बाळूच्या गाडीचा आवाज. सावळघाट उतरलो तेव्हा मी हेल्मेटच्या आत चक्क गात होतो. दोन्ही बाजूंना भात पिवळाधमक झाला होता. करंजाळीला चहा घेतला, फाट्यावरून आत वळलो, आणि साडेनऊला घाटाच्या पायथ्याशी पोचलो.

रस्ता बंद.

आडवी झाडाची फांदी, त्यावर लाल फडकं, शेजारी डांबराचं पिंप. पलीकडे रोलर घरघरतोय, डांबराचा धूर निघतोय, आणि वीस-पंचवीस माणसं धावपळ करतायत. नवा काळा रस्ता पहिल्या वळणापर्यंत चमकत होता. पलीकडे सगळी खडी.

मी स्टँड लावला आणि मुकादमाला हाक मारली. गळ्यात मफलर, हातात शिट्टी.

"हे काय चाललंय?"

"डांबरीकरण. संध्याकाळपर्यंत गाडी जाणार नाय."

"सूचना कुठे लावली? फलक कुठे आहे? पर्यायी मार्ग कुठे दाखवलाय? आणि रविवारी काम? कोणी परवानगी दिली?"

"जाधव," रोहिणी मागून म्हणाली.

"थांब तू. हे लोक गरीब माणसाला अडवून ठेवतात. वर एक कुटुंब आमच्यासाठी सकाळपासून स्वयंपाक करतंय. त्या माणसाचं सगळं वर्ष यावर आहे. आणि हे आजच काढतात काम."

मुकादमाने मफलरने घाम पुसला. "दादा, आम्ही काय हौसेनं करून राहिलो का? चार दिवस झाले झोप नाय. वरून ऑर्डर हे. नाशकाचा कोणतरी पत्रकार येतोय आज पाहणीला. लय तिरसट माणूस हे म्हणे. तो यायच्या आत उरका म्हणून सायबांनी जीव खाल्ला."

"पत्रकार?" मी म्हणालो. माझा पारा आणखी चढला. "एका पत्रकारासाठी सगळा घाट बंद? समजतो कोण हा स्वतःला? आमच्या धंद्याचं नाव असल्याच माणसांनी घालवलं. याला कोणी विचारणारं आहे की नाही?"

"तेच म्हणतो मी," मुकादम म्हणाला.

"त्याला माझ्यासमोर आणा. दोन शब्द सुनवायचेत मला."

"नाव काय हो त्या पत्रकाराचं?" बाळूने विचारलं. फार मऊ आवाजात. हा माणूस माझा पन्नास वर्षांचा मित्र आहे, हे लक्षात असू द्या.

मुकादमाने खिशातून चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर माझं नाव. माझा फोन नंबर. त्याखाली: 'तिघे. कॅमेरा आहे. चहा बिनसाखरेचा.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली. अक्षर चांगलं होतं. रोहिणी कॅमेऱ्याआड तोंड लपवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. पक्षी मात्र आजूबाजूला एकही नव्हता.

"तुमीच का ते?" मुकादम म्हणाला.

मी हो म्हणायच्या आत सरपंच आले. शाल, नारळ, आणि मागे निम्मं गाव. शाल घालून झाल्यावर एक म्हातारी पुढे आली, पायातली चप्पल काढली आणि नव्या डांबरावर जपून पाऊल ठेवून बघितलं, जसं कोणी नदीचं पाणी बघतं. "आता दवाखान्याची गाडी वर पाड्यावर जाईल," ती स्वतःशीच म्हणाली.

मंडळी, मी या रस्त्यांवर तीस वर्षं लिहिलं. मालिका लिहिल्या, अग्रलेखाला माहिती पुरवली, अधिकाऱ्यांना भर पत्रकार परिषदेत उभं केलं. एक खडा हलला नाही. आणि सहलीला निघालो, स्वतःच्या बुडाला धक्के बसू नयेत म्हणून चौकशी केली, तर चार दिवसांत डांबर. म्हणजे मी एक ओळही लिहिली नसती तर जिल्हा केव्हाच गुळगुळीत झाला असता.

पण हे तत्त्वज्ञान करायला वेळ नव्हता, कारण फोन वाजला. तुळशीराम.

"साहेब, आईनं भाकरी थापायला घेतल्यात. कुठवर आलात?"

मी सगळं सांगितलं. तीन फोनांसकट.

"मलाच विचारायचं ना साहेब," तो म्हणाला. "जरा खराब म्हणजे दुसऱ्या गिअरात जाते गाडी. बाकी काय नाय."

एवढ्या साध्या वाक्यासाठी मी सरपंच, इंजिनिअर आणि ठेकेदार कामाला लावले होते आणि ज्याला माहीत होतं त्याला विचारलं नव्हतं. ज्याची ट्रिप नीट व्हावी म्हणून धडपडलो, त्याचीच पहिली ट्रिप मी डांबरात घातली होती.

"परत जायचं नाय," तुळशीराम म्हणाला. "गाड्या सरपंचांच्या दारात लावा. मी उतरतो."

तो पायवाटेने अर्ध्या तासात खाली आला आणि आम्हाला घेऊन वर निघाला. आम्हाला दोन तास लागले. डोळ्यांपुढे आणा: तीन साठीची माणसं, अंगात चामड्याची जाकिटं, गुडघ्यांना पॅड, पायात घोट्यापर्यंत बूट आणि डोक्यावर हेल्मेट, कारण हातात धरलं तर झाडाला पकडता येत नव्हतं. भात कापणाऱ्या बायका विळे थांबवून बघत होत्या. एकीने तुळशीरामला काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली ती?" मी धापा टाकत विचारलं.

"विचारते, यांच्या गाड्या कोणी चोरल्या का."

पण खरं सांगतो, धबधबा पायी गेलो म्हणून दिसला तसा. कारवीच्या झाडीतून अचानक, अंगावर तुषार. रोहिणीला हवे ते पक्षी मिळाले. भाकरी गरम होती, वरणाला लसणाची फोडणी होती, आणि तुळशीरामच्या आईने बाळूला पाचवी भाकरी वाढताना माझ्याकडे बघून विचारलं, "रस्ता बनवणारे ते हेच का?" तुळशीराम हसला तेव्हा कुठे मी दुसरी भाकरी मागितली.

आता दिवाळी होऊन गेली. तुळशीराम यंदा द्राक्षांवर गेला नाही. जवळजवळ दर रविवारी त्याच्याकडे गाडीवाले येतात. रोहिणीची भाची परवाच जाऊन आली. ती सांगत होती, की गाईड घाटाच्या पहिल्याच वळणावर गाड्या थांबवतो, सगळ्यांना उतरवतो आणि एका पत्रकाराची गोष्ट सांगतो, ज्याने स्वतःचीच वाट अडवून ठेवली आणि मग ती अडवणाऱ्याला शिव्या दिल्या. लोक तिथे फोटो काढतात. त्या जागेला तो 'पत्रकार पॉइंट' म्हणतो.

मी तडक त्याला फोन लावला. म्हटलं, "तुळशीराम, तू सांगतोस त्या गोष्टीत तथ्याच्या तीन चुका आहेत. मी रडलो नव्हतो, मुकादमाने मला पाणी पाजलं नव्हतं, आणि वर चढताना मला कोणी पाठीवर घेतलं नव्हतं. दुरुस्त कर."

"नाय जमणार साहेब," तो म्हणाला. "लोक त्याच तीन जागी हसतात."