रंभामामींची हजेरी

हौसरावमामा दौंडला रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. रूळ सांभाळणाऱ्या पंधरा गड्यांची सकाळी हजेरी घ्यायची आणि त्यांना घेऊन लाइनीवर निघायचं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. आवाज असा, की मालगाडी धडधडत जात असली तरी पलीकडच्या गड्याला हाक ऐकू जायची. आणि हजेरीशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही सवय अंगात इतकी मुरलेली, की एकदा लग्नाच्या वऱ्हाडाचीही त्यांनी हजेरी घेतली. नवरदेव ‘हजर’ म्हणाला तेव्हाच ट्रक हलला.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मी भांडगावची, दौंडच्या शाळेत नवी मास्तरीण, त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहणारी. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या घरातून रंभामामींनी हाक मारली, “एकटीपुरती चूल कशाला पेटवतीस गं? ये हिकडं!” तेव्हापासून ते मामा आणि त्या मामी.

दर थंडीत मामा आळीतल्या माणसांना एका दिवसाची मुंबई दाखवायला न्यायचे. रात्री दौंडला गाडीत बसायचं, उजाडता दादरला उतरायचं, आधी चैत्यभूमीवर डोकं टेकायचं, मग राणीची बाग, गेटवे आणि रात्रीच्या गाडीने माघारी. मुंबईत कुणाला रस्ता विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. “सत्तावीस वर्षांत एक गडी हरवला न्हाई माझा,” हे वाक्य आम्हाला जाता-येता ऐकावं लागायचं.

मामी मात्र कधी गेल्या नव्हत्या. म्हैस कोण बघणार, हे दरवर्षीचं कारण. रेल्वेच्या मोठ्या संपाच्या आधीच्या थंडीत म्हैस विकली आणि मामींचं कारण संपलं.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी मला यादी करायला बसवलं. सिंधूबाई, खंडू, बन्सी, दगडाबाई असं करत नऊ नावं झाली. मी विचारलं, “आणि मामी?”

“ती कशाला यादीत? ती माझ्याबरुबरच हाय की.”

मला तेव्हाच राग आला होता. खरं कारण मला माहीत होतं. यादी मामा मोठ्याने वाचणार, आणि बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. घरात ‘अगं’, बाहेर ‘आमच्या घरातली माणसं’. रेल्वेच्या पासावरही ‘स्वतः आणि पत्नी’ एवढंच लिहिलेलं. पाहिलंत ना, सरकारलासुद्धा त्या नावाची गरज पडली नव्हती.

सकाळी चैत्यभूमीवर मामी बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मागे समुद्र होता. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “लई हाय गं पाणी. आन् प्यायला एक घोट न्हाई.” मग अकराजणांच्या भाकरीचं गाठोडं काखोटीला मारून त्या मामांच्या मागे चालू लागल्या. आम्ही मागितलं नाही असं नाही. त्यांनी ते कुणाला धरूच दिलं नाही.

राणीच्या बागेत दुपार झाली. फाटकाशी मामांनी हजेरी घेतली. नऊ नावं, नऊ ‘हजर’. आम्ही बसमध्ये चढलो. गेटवेला उतरून, बोटी बघून, सावलीला बसलो तेव्हा खंडू म्हणाला, “मुकादम, भाकरी सोडा आता.”

मामांनी मागे हात केला. मागे गाठोडं नव्हतं. गाठोडेवालीही नव्हती.

मला आजही सांगायला लाज वाटते: भूक लागली नसती, तर त्या माउलीची आठवण आम्हाला रात्री गाडीत बसेपर्यंत झाली नसती. मामांचा चेहरा उतरला. पास त्यांच्या खिशात, पैसे त्यांच्या खिशात, आणि मामी एकट्या कधी दौंडच्या बाजारापलीकडे गेलेल्या नाहीत. कुणी पत्ता विचारला तर दौंड सांगतील, पण ‘मालकाचं नाव काय’ म्हटल्यावर तोंडाला कुलूप. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नेम त्यांनी मामांहून कडक पाळला होता.

बाकीच्यांना तिथेच बसवून मामा आणि मी बागेत परत आलो. बसमध्ये मामा एवढंच म्हणाले, “पोरी, मला हजेरी बरुबर लागली व्हती गं.”

माकडं पाहिली, वाघ पाहिला, तळं पाहिलं. माणसांचा समुद्र, आणि त्यात डोक्यावर पदर घेतलेल्या शेकडो बायका. रखवालदार म्हणाला, “बाग केवढी आहे! नाव घेऊन हाक मारा की.”

मामा माझ्याकडे वळले. “तू मार.”

“मी नाही मारणार,” मी म्हणाले. माझा राग आता उतू चालला होता. “माझा आवाज इथे दहा पावलं जायचा नाही. तुम्ही मारा.”

मामांनी खाकरून घेतलं आणि आरोळी ठोकली, “अगंऽ ए!”

पन्नास बायकांनी वळून पाहिलं. त्यात मामी नव्हत्या.

मग मामांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. खोकला यावा तसं हळूच म्हणाले, “रंभा.” त्यांच्या त्यांनाच ते नवीन वाटलं असावं. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. आणि तिसऱ्या खेपेला गँगवरचा आवाज लागला. “रंभाऽऽ! ए रंभाऽऽ!” झाडांवरचे कावळे उठले. कॉलेजातली पोरं ही रंभा कोण म्हणून हसायला लागली. मामांना कशाची शुद्ध नव्हती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते बागेतल्या रस्त्यावरून हाका मारत चालले होते.

हत्तीच्या आवारापाशी एका बाकावर मामी बसल्या होत्या. गाठोडं मांडीवर, गाठही न सुटलेली.

“ऐकू येत न्हाई का?” मामा ओरडले. “केव्हाधरनं वरडतोय!”

“आलं की. पयलीच हाक आली ऐकू.”

“मग ओ का दिली न्हाईस?”

मामींनी पदर सारखा केला. “पस्तीस वर्सांत पयल्यांदा नाव घेतलंत. म्हटलं, आजून एकदा घेत्यात का बघावं.”

मामा बाकावर बसले. गाठोडं त्यांनी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं आणि स्टेशनापर्यंत ते कुणाला दिलं नाही.

गाडीत चढण्याआधी व्ही. टी.वर हजेरी झाली. पहिलं नाव कागदावर नव्हतं. मामांनी ते तोंडपाठ घेतलं, आणि मामी पदराआडून म्हणाल्या, “हजर.”

दौंडला उतरल्यावर फलाटावरच ‘अगं’ सुरू झालं. घरात, बाजारात, आळीत, पुन्हा आयुष्यभर ‘अगं’च. मुंबईच्या यादीत मात्र दरवर्षी रंभामामींचं नाव पहिलं असायचं. मामी पुढे सात वेळा मुंबईला गेल्या. सातही वेळा तेच गेटवे आणि तोच हत्ती. सिंधूबाईंनी एकदा विचारलं, “तेच ते बघून कंटाळा येत न्हाई का वं?”

“बघायला कोण जातंय?” मामी म्हणाल्या.