चमचाभर विरजण

समस्त गावकऱ्यांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, स्वावलंबनाचा टेंभा मिरवणाऱ्या आमच्या शेतघरातलं विरजण मी स्वहस्ते संपवलं आहे. उत्साहाच्या भरात सगळ्या दह्याचं ताक घुसळलं, चमचाभरही मागे ठेवलं नाही. इथे राहायला आल्यापासून बायकोने रोज जपलेलं ते दही. तिने अबोलाच धरला. शेवटी चार वांगी घेऊन शेजारच्या सुमनकाकूंकडे गेलो. वांगी ठेवून घेत काकूंनी वाटीभर दही दिलं. म्हणाल्या, "तुमचंच आहे हो! उन्हाळ्यात आमचं नासलं, तेव्हा तुमच्याकडूनच तर नेलं होतं." घरात जपलेलं मी एका सकाळी संपवलं होतं, दुसऱ्याला दिलेलं तेवढं सुखरूप होतं. घरी येऊन ही हकीकत सांगितली, तर बायको अबोला विसरून ओरडलीच, "आलं गं बाई माझं दही माहेरी!"